खालचं अर्धं

१९ जुलै

काल संध्याकाळी दवाखान्यातून घरी आले. न्हाणीघराच्या झरोक्यात कबुतर अडकावं तसं छातीत फडफडत होतं, म्हणून विजयेंद्राने नेऊन ठेवलं होतं. आता नवी गोळी सुरू झाली आहे. डॉक्टर म्हणाले, हृदयाची लय चुकते, ही गोळी ती धरून ठेवील. कागदाच्या तळाशी त्यांनी लिहिलंय की रक्त तपासावं आणि डोळे दाखवावेत. हृदयाचा डोळ्यांशी काय संबंध, असं मी विचारणार होते, पण बाहेर बाकं भरून माणसं बसली होती.

हे गेले त्याला आता पाच महिने झाले. यांचं हृदय एका दुपारी जेवून उठताना थांबलं. माझं मात्र धावतंय. विजयेंद्र म्हणतो, अम्मा, गोळी एक दिवसही चुकवायची नाही. मी चुकवणार नाही. त्याने एक खांदा दिला आहे. दुसऱ्याची घाई नको.

ही वही शेजारच्या मीनाक्षीने दिली. ती साताऱ्याकडची. नवऱ्याच्या बदलीने चेन्नईत, आमच्या मांबलमला आली तेव्हा एक ट्रंकभर पुस्तकं घेऊन आली. मी तंजावरची, शाळा आठवीपर्यंत, तीही तमिळमधून. घरात बोलायची ती आमची तंजावरी मराठी. ती कुणी लिहीत नाही. मीनाक्षीच्या घरच्या दिनदर्शिकेवरून मी अक्षरं जुळवली आणि मग तिची ट्रंक रिकामी केली. म्हणून लिहायला बसले की पुस्तकातली भाषा येते. हे हसायचे. म्हणायचे, कनका, तू वहीत पुण्याची आणि स्वयंपाकघरात तंजावरची.

६ ऑगस्ट

डोळे दाखवून झाले. स्टेशनजवळच्या चष्म्याच्या दुकानात गेले होते. त्या माणसाने भिंगं बदलून बदलून अक्षरं वाचायला लावली. शेवटची ओळसुद्धा मी वाचली. थोडा नंबर वाढलाय म्हणाला. नवा चष्मा छान आहे. विजयेंद्राला फोनवर सांगितलं की डोळे तपासले.

१५ सप्टेंबर

देवापुढच्या दिव्याला हल्ली निळसर कडं दिसतं. रस्त्यावरच्या दिव्यांनाही दिसतं. चष्मा पुसला तरी जात नाही. यांची बहीण वसंता आली होती, तिला सांगितलं. वन्सं म्हणाल्या, पुण्य आहे तुझं, मला एवढी वर्षं दिवा लावून काजळीशिवाय काही दिसलं नाही. मला मात्र पुण्य वाटत नाही. पण दिसतं सुंदर.

१ ऑक्टोबर

परवा नवरात्र बसेल. माझ्या लग्नापासून या घरात कोलू मांडला गेला नाही असं वर्ष नाही. पायऱ्या रचायच्या, वर पांढरं धोतर पसरायचं, त्यावर बाहुल्या: दशावतार, वरात, वाजंत्री, आणि वाणी शेट्टी आणि त्याची जाडी बायको. सगळ्यांच्या वर मरपाची, म्हणजे लाल लाकडाची नवरा-बायकोची जोडी, जी आई लेकीला लग्नात देते.

वन्सं म्हणाल्या, वर्ष सरलेलं नाही, यंदा कोलू नाही. मी म्हटलं, आमच्या आईकडे असं होतं की सुतकाच्या वर्षीही निदान मरपाची बाहेर काढून पाटावर ठेवायची. एकदा बसवायला लागलेल्या बाहुल्या पेटीत ठेवू नयेत, त्या वाट बघतात. त्या म्हणाल्या, तुझ्या आईकडचं तुझ्या आईकडे.

मी ऐकलं. पेटी माळ्यावरच राहिली.

१३ ऑक्टोबर

नवरात्र गेलं. समोरच्या घरी नऊ दिवस सुंडलचा वास आणि गाणी. मला बोलावणं नाही, आणि असतं तरी मी यंदा जाऊ शकले नसते. मीनाक्षी एका वाटीत चण्याचं सुंडल देऊन गेली, दाराबाहेरूनच, कुणी बघू नये अशी. मी ते उभ्याउभ्याच खाल्लं.

गॅस बंद केलाय की नाही, हे माझ्या मागून बघणारं माणूस गेलं. आता मीच दोनदा बघते.

२४ ऑक्टोबर

वाचताना पानाच्या तळच्या ओळी मिळत नाहीत. पुसल्यासारख्या नाहीत, काळ्याही नाहीत. तिथे राखेच्या रंगाचं काहीतरी असतं. पान वर सरकवलं की ओळी सापडतात. डाव्या डोळ्याने जास्त. नव्या चष्म्याची भिंगं नीट बसलेली नसणार. दिवाळीनंतर त्या दुकानात जाऊन भांडते.

२ नोव्हेंबर

हे लिहू की नको, सकाळपासून विचार चालू आहे. लिहिते. या वहीला कोण विचारतंय.

काल दुपारी जेवून खुर्चीत बसले होते. झोप लागली नव्हती, हे नक्की, कारण खाली भंगारवाला ओरडत होता आणि मी त्याला मनात शिव्या देत होते. डावीकडे, भिंत जमिनीला मिळते तिथून माणसं चालत आली. तळहाताएवढी. एकामागून एक. अंगावर भरजरी कपडे, हिरवे आणि तांबडे, इतके स्वच्छ की शिवणीचे टाके दिसत होते. मला इतक्या दिवसांत काही इतकं स्वच्छ दिसलं नव्हतं. डोक्यावर उंच टोप्या. आवाज अजिबात नाही. एकानेही माझ्याकडे बघितलं नाही. कपाटापर्यंत गेली आणि संपली.

मी ओरडले नाही. उठून कपाटाखाली झाडू फिरवला. एक रबरबँड निघालं.

५ नोव्हेंबर

पुन्हा आली. आज त्यात बायका होत्या.

कोण आहेत, हे मला कळलं आहे. आई म्हणाली होती तेच. त्या पेटीत वाट बघून बाहेर आल्या. एक गोष्ट मात्र जुळत नाही. आमच्या कोलूत उंच टोपीची एकही बाहुली नाही. पण पेटीत काय घालतात, काय काढतात, आपल्याला काय माहीत.

विजयेंद्राला सांगायचं नाही. तो आणि सून कीर्तना चांगली आहेत, पण त्याच दिवशी मला सिरुसेरीला त्यांच्या फ्लॅटवर नेतील आणि या घराला कुलूप लागेल. वन्संना तर मुळीच नाही. त्या म्हणतील, नवरा गेला आणि हिचं डोकं गेलं.

१४ नोव्हेंबर

हृदयाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. विजयेंद्र रजा काढून आला होता. डॉक्टर ईसीजीची पट्टी बघून खूश. म्हणाले, अम्मा, घड्याळासारखं चाललंय. मग कागद बघत विचारलं, डोळे तपासले ना? मी म्हटलं, हो. त्यांनी खूण केली.

विजयेंद्राचा चेहरा इतका मोकळा झाला होता की बाहेर आल्यावर त्याने मला कॉफी पाजली. हे गेल्यानंतर मी त्याला असं पहिल्यांदा बघितलं. पेला उचलताना माझा हात बशीवर आपटला आणि कॉफी सांडली. तो म्हणाला, अम्मा, बशी समोरच तर होती. मी म्हटलं, तू बोलतोस म्हणून लक्ष नव्हतं.

२१ नोव्हेंबर

जिन्याची शेवटची पायरी चुकली. खाली बसले, लागलं नाही. पायरी तिथे नव्हतीच, असं वाटलं. मग वाटलं, त्यांनी पाय ओढला.

रोज येतात आता. येतात ते पानाच्या खालच्या भागातून, ताटाच्या खालून, दाराच्या उंबऱ्याकडून. कधी माणसं नसतात, नुसत्या जाळ्या असतात, विटांच्या, फुलांच्या, घर भरून. त्या दिवशी मला बरं वाटत नाही. माणसं असली की निदान कुणीतरी असतं.

एक गोष्ट मनात येते. इतकी अनोळखी माणसं घरात फिरतात. हे एकदाही येत नाहीत. मी रोज रांगेत बघते. शेवटच्या माणसापर्यंत बघते.

१० डिसेंबर

पुस्तक मिटून ठेवलं. चार ओळींवर डोकं दुखतं. मीनाक्षी नवं घेऊन आली होती, तिला म्हटलं, थोडे दिवस थांब, मन लागत नाही. ती म्हणाली, कनकाअक्का, तुमचं मन पुस्तकात लागत नाही म्हणजे आजारपणच की. मी हसून वेळ मारून नेली.

पण खरं सांगायचं तर भीती वाटते. हे गेल्यावर मी काय केलं? वाचलं. सकाळी वाचलं, दुपारी वाचलं. तेच त्या माझ्याकडून घेत आहेत, खालून वर, थोडं थोडं. आज अर्धं पान गेलंय. नवरात्रीत मी त्यांना दिलं नाही, म्हणून त्या घेत आहेत.

ठरलं. वॉचमनला सांगून उद्या पेटी खाली काढते आणि कोलू मांडते. डिसेंबरात कोण कोलू मांडतं? मी मांडते. पडदे लावून घेईन. वन्सं पुढच्या महिन्यापर्यंत येणार नाहीत.

१२ डिसेंबर

मांडला. दिवस गेला त्यात. जेवणाच्या टेबलावर आणि त्यापुढे स्टुलांवर पायऱ्या केल्या, वर यांचं लग्नातलं धोतर पसरलं. बाहुल्या हाताने चाचपून ठेवल्या. वाणी शेट्टीचं नाक घासलंय, ते बोटाला लागलं. मरपाची वर ठेवताना थांबले. जोडी ठेवू की तिला एकटीला? जोडीच ठेवली. तिचा काय दोष.

उद्या कार्तिकी दीपम. सगळ्या घरांत दिवे लागतील. मीही पायरीखाली पणत्या लावीन आणि त्यांना सांगीन, झालं, आता माझं मला परत द्या.

१४ डिसेंबर

काल काय झालं ते जसं झालं तसं लिहिते.

संध्याकाळी पणत्या लावल्या, जमिनीवर, पहिल्या पायरीसमोर. मग समोर पाटावर बसले आणि हात जोडले. वरच्या बाहुल्या दिसत होत्या. वर देवापुढच्या दिव्यांची निळी कडी दिसत होती, एकात एक गुंतलेली. त्यांच्या खाली ती माणसं आली. या वेळी ती चालत नव्हती. उभी होती, दाटीवाटीने, पायरीच्या कडेला, पाठ माझ्याकडे करून, काहीतरी बघत असल्यासारखी. मला वाटलं, मान्य झालं. डोळ्यांत पाणी आलं.

वास येत होता. पण सगळ्या इमारतीत दिवे होते, मला वाटलं बाहेरचा आहे.

मीनाक्षीने दार ढकललं आणि माझ्या अंगावरून पुढे उडी मारली. हातातल्या बादलीतलं पाणी तिने कोलूवर ओतलं. वाणी शेट्टीची बायको फुटली. धोतराची लोंबती कड पेटली होती, आणि ज्वाला पहिल्या पायरीपर्यंत चढल्या होत्या. माझ्या साडीचा काठ हातभर अंतरावर होता.

बादली टाकून ती माझ्याकडे वळली. म्हणाली, "अक्का, तुम्ही त्याच्याकडेच बघत होता."

मी म्हटलं, "नाही. तिथे ते उभे होते."

"कोण?"

मग मी सांगितलं. सगळं, टोप्यांसकट. ती ओल्या जमिनीवर माझ्याजवळ बसून राहिली. तिने मला वेडी म्हटलं नाही. तिने आपला हात माझ्या गुडघ्यापाशी धरला आणि विचारलं, किती बोटं? मी म्हटलं, हात कुठाय?

पूर्ण दिवस मी एकच गोष्ट मनात फिरवते आहे. जे नाही ते मला टाक्यांसकट दिसत होतं. जे पायाशी पेटलं होतं ते दिसत नव्हतं. त्या जर बाहुल्या असत्या तर जळताना हलल्या असत्या.

१७ डिसेंबर

मीनाक्षीने विजयेंद्राला सांगितलं, मला न विचारता. बरं केलं. आज अण्णा नगरला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर श्रीनिधी म्हणून आहेत, विजयेंद्राहून लहान.

एका पांढऱ्या वाडग्यात डोकं घालायला लावतात. आत बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. एकेक डोळ्याने. डाव्याला वर दिवे येत होते, मग बराच वेळ काहीच आलं नाही. मी वाट बघत बसले. यंत्रावरच्या मुलीला म्हटलं, बंद पडलं का? ती म्हणाली, नाही अम्मा, लागताहेत. त्याच वेळी वाडग्याच्या तळातून एक टोपीवाला वर आला आणि मी बटण दाबलं. हे मी तिला सांगितलं नाही.

नंतर डॉक्टरांनी आमच्यासमोर दोन चित्रं ठेवली. वरचं अर्धं पांढरं, खालचं काळं. हा डावा. उजव्याला खालच्या कडेला काळं लागायला सुरुवात झालेली. म्हणाल्या, डोळ्यातून मेंदूकडे जाणारी जी नस आहे तिला सूज आहे आणि ती सुकते आहे. मग कोणकोणती औषधं, ते विचारलं. लयीच्या गोळीच्या नावावर थांबल्या. म्हणाल्या, या गोळीने क्वचित असं होतं. वयानेही होतं, पण ते असं हळूहळू आणि दोन्हीकडे सहसा होत नाही. दिव्याभोवतीची निळी कडी याच गोळीची, ती धोक्याची नाहीत. नस धोक्याची.

विजयेंद्र म्हणाला, पण ऑगस्टमध्ये तपासले होते. डॉक्टरांनी विचारलं, कुठे? मी दुकानाचं सांगितलं. विजयेंद्राने मान खाली घातली, जसं काही दुकानात तोच गेला होता.

मग त्या बाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि हळू विचारलं, "अम्मा, नसलेलं काही दिसतं का? माणसं, जाळ्या, रंग?"

मी मुलाकडे बघितलं आणि म्हटलं, "दिसतं."

"बोलतात?"

"नाही. बघतही नाहीत."

त्यांनी मान हलवली, रोज ऐकत असल्यासारखी. म्हणाल्या, हे वेड नाही. डोळ्याकडून चित्र येईनासं झालं की मेंदू ती जागा रिकामी ठेवत नाही, आपल्याकडचं काहीतरी भरतो. बऱ्याच लोकांना होतं, सांगत नाहीत. मी विचारलं, ओळखीचं माणूस येतं का? त्या म्हणाल्या, सहसा नाही. का ते नीट माहीत नाही.

गाडीत मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होते. विजयेंद्राला वाटलं, मी डोळ्यांचं रडते आहे.

२० डिसेंबर

हृदयाच्या डॉक्टरांनी गोळी थांबवली. त्यांचा चेहरा पडला होता. दुसरी सुरू केली, पण म्हणाले, ती इतकी जोरकस नाही, फडफड परत येऊ शकते. आणि पहिली गोळी शरीरात महिनोन् महिने साठून राहते, थांबवली म्हणजे लगेच निघाली असं नाही. गेलेलं परत येईल का? बहुधा नाही. उजवा टिकेल का? बघू.

आत काहीतरी साठून बसलंय आणि आपल्या वेळेने जाईल. हे बाहुल्यांपेक्षा भीतीचं आहे. बाहुल्यांना निदान काही देता येतं.

१६ जानेवारी

पोंगलला सिरुसेरीत आहे. अकराव्या मजल्यावरून खाली बघितलं तर जमीन नाही, नुसती राख. वर बघितलं तर सगळं लख्ख. कीर्तना माझ्यासाठी जिन्याच्या कडांना पिवळ्या पट्ट्या चिकटवत होती. विजयेंद्राला वाटतं, हे घर आता माझं. तो स्वयंपाकघरात तिला म्हणत होता, डोळ्यांशिवाय माणूस जगतं, हृदयाशिवाय नाही; तसंच झालं तर पहिली गोळी पुन्हा द्यावी लागेल. तो हळू बोलत होता. ऐकू मला उत्तम येतं.

मी त्याच्यावर रागावले नाही. त्याने जेवणाच्या पानावरून उठलेला बाप बघितला आहे.

११ फेब्रुवारी

वर्षश्राद्ध झालं. मांबलमच्या घरीच करायचं, यावर मी अडून बसले. वन्संनी डिसेंबरातला कोलू कुणाकडून तरी ऐकला होता. सगळे गेल्यावर मला म्हणाल्या, मी तुला जोडी काढू दिली असती तर हे झालं नसतं ना? मी म्हटलं, वन्सं, त्याचा काही संबंध नाही. त्या म्हणाल्या, तरी.

विजयेंद्र आणि कीर्तना परत निघाली तेव्हा मी गेले नाही. मीनाक्षी शेजारी आहे, गॅसऐवजी विजेची शेगडी आणली आहे, आणि उजव्या डोळ्याचं चित्र परवा पुन्हा काढलं, काळं वाढलेलं नाही. विजयेंद्र म्हणाला, ठीक आहे, पण छातीत जरा काही वाटलं तर लगेच फोन. मी शब्द दिला.

४ मार्च

वाचते आहे. डाव्यावर रुमाल बांधते, पुस्तक कपाळाशी धरते आणि उजव्याने ओळ ओळ. दिवसाला तीन-चार पानं होतात. पूर्वी एका दुपारी पन्नास व्हायची. तरी तीन म्हणजे तीन.

ती माणसं कमी झाली आहेत. मी त्यांना आता काही विचारत नाही.

९ मार्च

सकाळी चहा करताना छातीत फडफडलं. बसले. थांबलं नाही. हाताची नाडी बघितली, कशाच्याही मागे कशीही पळत होती. चक्कर नाही, घाम नाही.

शब्द दिला होता, म्हणून लगेच विजयेंद्राला फोन केला. तो निघाला आहे. मीनाक्षीलाही हाक मारली, ती दाराशी खुर्ची टाकून बसली आहे आणि दर थोड्या वेळाने मला बघते. सिरुसेरीहून यायला त्याला तास-दीड तास लागेल. दवाखान्यात ते पट्टी काढतील, एकमेकांकडे बघतील, आणि त्या गोळीचं नाव निघेल. विजयेंद्र माझ्याकडे बघणार नाही. मी काय म्हणायचं ते ठरलेलं आहे: विजेचा झटका द्या, नळी घाला, जे करायचं ते करा, ती गोळी नको. तो चिडेल. कदाचित रडेल. मी त्याला सांगीन, बाळा, माझं हृदय तुझ्या बापासाठी धावलं तेवढं पुरे. डोळा माझा एकटीचा आहे.

तोवर पुस्तक काढलं आहे. एका बाईने परगावी दुकान टाकलंय आणि पहिलं गिऱ्हाईक पायरी चढतंय, इथे काल थांबले होते. छातीत फडफड चालू आहे, ओळ हलते, पण सापडते.

रुमाल बांधला आहे तरी खाली, पानाच्या कडेशी, ती आली आहेत. पुष्कळ आहेत, दीपमनंतर इतकी आली नव्हती. उभी नाहीत. बसली आहेत, पाय पोटाशी घेऊन. टोप्या काढून मांडीवर ठेवल्या आहेत. मी पान उलटलं तेव्हा त्यांनी माना वर केल्या.

मी मीनाक्षीला काही सांगितलं नाही. घसा खाकरला आणि पुढची ओळ मोठ्याने वाचायला लागले.